हलक्या सामानाच्या रानमुक्कामासाठी चाकू कसा निवडावा

पाठीवरच्या एका पिशवीत मावेल एवढ्याच सामानात रानात रात्र काढायला निघणाऱ्या नवख्या माणसाला तंबू आणि झोपण्याची पिशवी ठरवल्यानंतर जो प्रश्न पडतो, तो कापण्याच्या हत्याराचा असतो. दुकानात आणि चित्रफितींमध्ये दिसणारी लांब, जाड, काळ्या पात्याची हत्यारे पाहून आपल्यालाही तसलेच काही घ्यावे लागेल, असा त्याचा समज होतो. मराठवाड्यातील माळरान, अजिंठ्याच्या डोंगररांगा, बालाघाटाचे पठार आणि किनवटचे सागवन या चारही ठिकाणच्या मुक्कामांसाठी माझे मत याच्या नेमके उलट आहे. बोटभर लांबीचे एक चांगले पाते आणि गरज असेल तरच एक लहान घडीची करवत एवढे पुरेसे होते. हे मत कसे बनते आणि त्यानुसार वस्तू कशी पारखावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: आधी कामे लिहून काढा

हत्यार पाहण्याआधी कागद घ्यावा आणि एका मुक्कामात संध्याकाळपासून सकाळपर्यंत काय काय कापावे लागते, ते लिहावे. तंबूच्या ताणाची दोरी योग्य लांबीला तोडणे, कांदा, टोमॅटो व मिरच्या चिरणे, खिचडीच्या मसाल्याची पुडी फोडणे, पायाला फोड आल्यास पट्टी कापणे, फाटलेल्या ताडपत्रीवर लावायला चिकटपट्टीचा तुकडा काढणे, वाळक्या काटकीचे चार छिलके काढणे, ही ती कामे होत. या यादीतील एकाही कामाला १० सेंटीमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही.

यादीत आणखी एक काम येते आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचे आहे: काटा काढणे. बाभूळ, हिवर, बोर आणि गावागावांच्या शिवारात पसरलेली वेडी बाभूळ यांच्यातून वाट काढताना काटा बुटाच्या तळव्यातून थेट आत शिरतो आणि पायात मोडून राहतो. अशा वेळी सहा इंची पाते काहीच कामाचे नसते. टोकदार, घट्ट पकडणारा लहान चिमटा आणि बुटाच्या रबरात रुतलेले टोक ओढायला छोटी पक्कड असेल, तर दुसऱ्या दिवशीची चाल वाचते. म्हणूनच बहुउपयोगी हत्यार निवडताना पात्याइतकेच लक्ष चिमट्याकडे द्यावे, असे मी आवर्जून सांगतो. अनेक स्वस्त नकलांमधील चिमट्याची टोके एकमेकांना नीट टेकतही नाहीत. दुकानातच चिमट्याने हातावरचा एक केस धरून पाहावा. केस सुटला तर काटाही सुटणार.

आता सरपणाचा मुद्दा. लांब पात्याचे समर्थन बहुतेक वेळा सरपणासाठी केले जाते. आपल्याकडील जंगल शुष्क पानझडीचे आणि काटेरी झुडपांचे आहे. जेथे शेकोटीला मालकाची परवानगी आहे, अशा शेताच्या बांधावर पडलेल्या वाळक्या काटक्या अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत हाताने किंवा गुडघ्यावर मोडतात. त्याहून जाड लाकूड एका रात्रीच्या चहा-खिचडीला लागत नाही. एकटादुकटा माणूस गॅसची लहान शेगडी घेऊन निघाला, तर हा प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा काळ असतो. त्या काळात तर शेकोटीचा विचारही मनात आणू नये.

दुसरी पायरी: मुक्कामाची जागा आणि तिथला कायदा

ही पायरी नवखे लोक सर्रास गाळतात, त्यामुळे ती थोडी सविस्तर सांगतो.

गौताळा औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आहेत. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदूक व जाळ्यांबरोबर चाकूचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने तेथे आग लावणे किंवा पेटती ठेवणे निषिद्ध आहे. त्यामुळे अभयारण्यात रात्रीच्या मुक्कामाची परवानगी मागतानाच स्वयंपाकाचा लहान चाकू सोबत असेल, हे वनाधिकाऱ्यांना सांगावे आणि ते ‘नाही’ म्हणाले तर चाकू घरी ठेवून भाजी चिरूनच न्यावी. कोयता किंवा कुऱ्हाड घेऊन अभयारण्याच्या नाक्यावर जाणे म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणे होय. राखीव वनातही भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे झाड तोडणे हा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

जंगलापर्यंतच्या रस्त्यालाही कायदा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. शेतकऱ्याच्या हातातील कोयता शेतीचे अवजार असतो. तोच कोयता शहरातल्या तरुणाच्या पाठपिशवीत रात्री दहा वाजता बसस्थानकावर सापडला, तर तो शेतीसाठी आहे हे पटवून देणे कठीण जाते. शिवाय सणासुदीला, मोर्चांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये शस्त्रबंदीचे आदेश निघतात. निघण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात असा आदेश लागू आहे का, ते वर्तमानपत्रात किंवा पोलीस ठाण्यात पाहावे. एसटीने जाताना चाकू म्यानात किंवा मिटून, पिशवीच्या तळाशी, भांड्यांच्या मध्ये ठेवावा. कमरेला लावून हिंडू नये. विमानाने जात असाल तर तो हातातल्या सामानात चालत नाही, सोपवायच्या सामानातच द्यावा लागतो.

नवख्या माणसाने पहिले काही मुक्काम ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून करावेत. विहीर जवळ असते, मदत हाकेच्या अंतरावर असते आणि आपल्याला नेमके कोणते हत्यार वापरावे लागले, हेही निवांतपणे कळते.

तिसरी पायरी: प्रकार ठरवा

घडीचा बहुउपयोगी चाकू, म्हणजे ज्याला सगळे ‘स्विस चाकू’ म्हणतात तो, एकट्याच्या हलक्या मुक्कामासाठी माझी पहिली शिफारस आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. त्या घराण्याच्या व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटर लांबीचा चाकू आज या प्रकाराचे प्रमाण मानला जातो. त्यात मोठे पाते, लहान पाते, डबा उघडणी, टोच्या आणि चिमटा मिळतो. करवत असलेला नमुना घेतला तर वजन साधारण १०० ग्रॅम होते. ही छोटी करवत मनगटाएवढे लाकूड कापणार नाही, पण वाळक्या फांदीला खाच पाडायला आणि तंबूची खुंटी मोडली तर बांबूची पर्यायी खुंटी करायला ती पुरते. बहुतेक नमुन्यांमधील मोठे पाते उघडल्यावर कुलूपबंद होत नाही, केवळ स्प्रिंगच्या दाबाने उभे राहते. म्हणून त्याच्या टोकाने काही खुपसायचे किंवा पिळायचे नाही, हे आधीच मनाशी ठरवून घ्यावे.

एकाच पात्याचा साधा घडीचा चाकू हा त्याहून हलका पर्याय आहे. फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासून बनतो. त्याचा ८ क्रमांकाचा चाकू ८.५ सेंटीमीटर पात्याचा आणि जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. पाते उघडल्यावर मुठीवरची लोखंडी कडी फिरवली की ते अडकून राहते. ही सोय १९५५ पासूनची आहे. कांदा-टोमॅटो चिरण्यात या पातळ पात्याला तोड नाही. मात्र त्याची मूठ लाकडी असते आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पाते खाचेत इतके घट्ट बसते की ते नखाने निघत नाही. आपल्याकडे दिवाळीपासून मेपर्यंत हवा कोरडी असल्याने हा दोष जाणवत नाही. आषाढ-श्रावणात निघणार असाल तर मात्र तो विचारात घ्यावा.

स्थिर पात्याचा, म्हणजे न मिटणारा, म्यानाचा चाकू अधिक मजबूत असतो, कारण त्यात सैल होणारा सांधाच नसतो. स्वीडनच्या मोरा गावाच्या परंपरेतले साधे चाकू सुमारे १० सेंटीमीटर पात्याचे आणि म्यानासह १२० ग्रॅमच्या आत असतात. ज्याला लाकूड तासायची मनापासून हौस आहे आणि जो शेतात, मालकाच्या संमतीने मुक्काम करणार आहे, त्याच्यासाठी हा योग्य. त्यासोबत १५ ते १८ सेंटीमीटर पात्याची घडीची करवत घेतली की चार-पाच जणांच्या शेकोटीचे सरपण कुऱ्हाडीपेक्षा कमी कष्टात आणि फार कमी धोक्यात निघते. या करवती ओढताना कापतात, ढकलताना नाही. नवखा माणूस पुढे जोर लावतो आणि पाते वाकवतो, म्हणून घरी एक वाळका दांडा कापून सराव करावा.

पक्कडीचे मल्टिटूल ही वस्तू अमेरिकेच्या टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये कंपनी काढून लोकप्रिय केली. तंबूच्या साखळीचा (झिपचा) सरकता तुकडा सैल झाला तर पक्कडीने हलकेच दाबून तो पुन्हा चालू करता येतो, शेगडीचा बिघडलेला भाग उघडता येतो, बुटातला काटा ओढता येतो. सायकलवर सामान लादून फिरणाऱ्यांना याचा खरोखर उपयोग आहे. पायी चालणाऱ्याला मात्र पूर्ण आकाराच्या मल्टिटूलचे २०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन मला पटत नाही. तापलेले पातेले उचलायला ते उपयोगी पडते असे सांगतात, पण घरातली ॲल्युमिनियमची छोटी सांडशी ते काम अधिक सुरक्षितपणे करते.

राहिला कोयता. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, इतके हे हत्यार आपल्या कष्टकऱ्यांच्या जगण्याशी बांधलेले आहे, आणि त्याविषयी मनात आदरच असायला हवा. पण ऊसतोडीच्या कोयत्याचे पाते रसरशीत उसाच्या बुडख्यासाठी घडवलेले असते. तेच वाळलेल्या बाभळीवर मारले तर धार मुरडते आणि हाताला झिणझिण्या येतात. नांगर-वखराला जी बाभूळ वापरतात, तिचा टणकपणा लोहाराला विचारावा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, फटका चुकला तर घोट्यावर किंवा नडगीवर, आणि वर सांगितलेली कायद्याची अडचण. हलक्या मुक्कामात कोयत्याला जागा नाही.

चौथी पायरी: पाते आणि मूठ पारखा

लांबी ७ ते १० सेंटीमीटर ठेवावी. जाडीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण कापण्याची सहजता जाडीवरच ठरते. पाठीकडे २ ते ३ मिलिमीटर जाडी पुरे. ५ मिलिमीटर जाडीचे पाते टोमॅटो चिरत नाही, फोडते. पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीत पोकळी करून बसवलेले होकायंत्र, आतून मासे पकडण्याचा गळ, अशा गोष्टी असलेला चाकू सरळ बाजूला ठेवावा. पोकळ मुठीत पाते थोड्याशाच खिळणीवर उभे असते आणि जोर आला की तिथेच निखळते. चांगल्या स्थिर चाकूत पात्याचे पोलाद मुठीच्या आत निम्म्याहून अधिक लांब गेलेले असते.

पोलादात दोन घराणी आहेत. कार्बन पोलादाला धार लवकर आणि तीक्ष्ण लागते, पण ते गंजते, तसेच कांदा, लिंबू, चिंच यांनी त्यावर करडे-काळसर डाग पडतात. हा करडा थर निरुपद्रवी असतो. तांबूस, खरखरीत थर दिसला तर मात्र तो गंज समजावा आणि लगेच घासून काढावा. स्टेनलेस पोलाद कमी काळजीत चालते. नवख्या माणसाने पहिला चाकू स्टेनलेसचा घ्यावा. कठीणपणा रॉकवेल मापावर ५५ ते ५८ लिहिलेला असेल तर तो योग्य. त्याहून फार कठीण पाते मुक्कामावर साध्या दगडाने धारेला येत नाही.

गावच्या लोहाराकडून चाकू करून घेणे हा मला मनापासून आवडणारा मार्ग आहे. आठवडी बाजारात भाता लावून बसणारे घिसाडी कारागीर मालमोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून विळे, खुरपी आणि चाकू घडवतात. ते पोलाद पाणी देण्यास, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करण्यास, उत्तम असते. सांगताना मोघम सांगू नये. पुठ्ठ्यावर आकार कापून न्यावा, पाठ ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, पाते ९ सेंटीमीटर आणि मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा बोटभर लांब हवी, असे स्पष्ट बोलावे. वस्तू हातात आल्यावर धारेजवळ बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस घसरली तर पाणी चांगले बसले आहे. कानसेने सहज चरा पडला तर पाते मऊ राहिले आहे आणि कारागीर ते आनंदाने पुन्हा भट्टीत घालून देतो.

घडीचा चाकू दुकानात घेताना पाते उघडून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवावे. जाणवण्याइतका खेळ असेल तर घेऊ नये. कुलूप असेल तर पाते उघडून त्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी, बोटे मिटण्याच्या वाटेत ठेवू नयेत. मग वर्तमानपत्राचा एक कागद हातात धरून कडेपासून कापावा. पाते न अडता, न फाडता गेले पाहिजे. शेवटी मूठ ओल्या हाताने धरून पाहावी. दुकानदार पाणी द्यायला नाराज होईल कदाचित, पण रानात भांडी घासल्यानंतर हात ओलेच असतात, म्हणून ही चाचणी सोडू नये. मुठीच्या पुढच्या टोकाला बोट पात्यावर सरकू न देणारा उंचवटा असणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पाचवी पायरी: धार आणि तेल

बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेला हात सुटतो, म्हणून धार लावणे हत्यार वापरण्याआधी शिकावे. सुमारे ४०० (खरखरीत) आणि १००० (बारीक) क्रमांकाच्या दोन बाजू असलेला दगड घरी ठेवावा. दगड पाण्याने ओला करून पाते प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांत टेकवावे. हा कोन डोळ्यांना समजत नाही, त्यासाठी सोपे माप आहे: पाते २ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर वर राहिली पाहिजे. एका बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी अतिशय बारीक कड उमटते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग उमटली की बाजू बदलावी. ती उमटण्याआधी बाजू बदलणे हेच नवख्यांची धार न लागण्याचे कारण असते. मग बारीक बाजूवर तेच करून जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-वीस वेळा ओढावे. मुक्कामावर दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचे खरखरीत कडे तात्पुरते काम देते.

तेलाबाबत मराठवाड्यातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना आहे. आपल्याकडे करडईचे तेल हाताशी असते आणि माणसे तेच चाकूच्या सांध्यात घालतात. करडई आणि जवस यांची तेले हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरतात. काही आठवड्यांनी चाकू उघडताना सांधा गोंद लावल्यासारखा जड होतो आणि त्या चिकटपणात माळावरची धूळ बसते. सांध्यासाठी शिवणयंत्राचे तेल एक थेंब वापरावे. स्वयंपाकाच्या पात्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात पुरेसा आहे, ते सुकून चिकटत नाही. जवसाचे तेल मात्र लाकडी मुठीला उत्तम, कारण तिथे सुकून थर धरणे हेच हवे असते. ते चोळून दोन दिवस वाळू द्यावे. तेल लागलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेटू शकते. ती पसरून वाळवावी.

वापरताना

कापण्याची दिशा नेहमी शरीरापासून बाहेरची असावी. बसून काम करताना कोपर गुडघ्यांच्या पुढे ठेवावेत, म्हणजे निसटलेले पाते मांडीच्या आतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे येत नाही. हात पसरून गोल फिरल्यावर ज्याला लागेल, एवढ्या अंतरात कोणी बसलेले नसावे. चाकू दुसऱ्याला देताना तो मिटून द्यावा किंवा म्यानात घालून द्यावा. काम संपले की तो जमिनीवर ठेवण्याची सवय लावू नये, कारण काळ्या मातीच्या भेगेत लहान चाकू गेला तर विजेरीच्या उजेडात सापडत नाही. मुठीला लाल किंवा पिवळी दोरी बांधावी. खोल कापले तर स्वच्छ कापडाने किमान दहा मिनिटे सतत दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये, आणि रक्त थांबले तरी धनुर्वाताच्या लशीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

परतल्यावर स्टेनलेसचा चाकूसुद्धा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून, पाते उघडे ठेवून रात्रभर वाळवावा. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये, चामडे ओल धरते आणि पाते आतून गंजते. म्यान वेगळे, चाकू कागदात गुंडाळून वेगळा आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावा.